कोकणात लाकडी सांगाड्याचं कौलारू घर आणि खरंच राहता येईल असा माळा: सविस्तर माहिती

कोकणात घर बांधणारे बरेच जण आधी खालचा प्लॅन पक्का करतात, हॉल, किचन, दोन बेडरूम, पुढे पडवी, आणि छप्पर टाकायची वेळ आली की घरातलं कुणीतरी म्हणतं वरती माळा पण काढूया ना, जागा आहेच की. तिथेच सगळं फसतं. मग मिळते ती फक्त अडगळीची जागा, जिथे वाकून शिरावं लागतं, एप्रिलमध्ये दुपारी बसवत नाही आणि वर जायला शिडी कुठेतरी बेडरूमच्या दाराआड टेकवलेली असते. माळ्यावर पोरांनी झोपावं, पाहुणे उतरावेत, कुणी लॅपटॉप घेऊन काम करावं असं वाटत असेल तर घर वरून खाली आखायचं. आधी आढं, म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं आडवं लाकूड, किती उंच ते ठरवा, मग जिना कुठे, मग खांब कुठे, आणि खालच्या खोल्या सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलं की काहीतरी अडतंच.

सगळं नीट समजावं म्हणून मी इथे एकच घर धरून चालतो. २० फूट रुंद, ३० फूट लांब, लांबीत १० फुटांचे तीन खण, सांगाडा लाकडाचा, भिंती जांभ्या चिऱ्याच्या पण त्या फक्त खांबांमध्ये भरलेल्या, छपराचं वजन त्यांच्यावर नाही.

आधी उंचीचं गणित

कागदावर घराचा उभा छेद काढा, आडवा प्लॅन नंतर. रुंदी २० फूट आणि आढं मधोमध, म्हणजे एकेक पाखं (छपराची उतरती बाजू) आडव्यात १० फूट. उतार ३० अंश घेतला तर आढं पाख्याच्या पायथ्यापासून साधारण ५ फूट ९ इंच वर जातं. म्हणजे वासे (आढ्यापासून खाली उतरणारी तिरकी लाकडं) जर माळ्याच्या पातळीवरच टेकवले तर बरोबर मधोमध उभं राहूनही डोकं आपटणार. उतार ३५ अंश केला की आढं ७ फुटांवर जातं, पण ती उंची फक्त मधल्या एका रेषेत, तेवढ्याने खोली होत नाही.

म्हणून बाहेरचे खांब माळ्याच्या जमिनीच्या वर ३ फूट न्यायचे आणि वासे तिथे टेकवायचे. आता ३५ अंशात मधली उंची १० फूट होते आणि दोन्ही बाजूच्या भिंतींपासून सव्वाचार फूट आत आलं की ६ फूट उंची मिळते. म्हणजे २० पैकी जवळपास साडेअकरा फुटांत माणूस ताठ चालतो. वाशाची जाडी धरली की त्यातलं थोडं जातं, तरी साडेनऊ ते दहा फूट कुठे जात नाहीत. कडेच्या उतरत्या भागात पलंग, बुटकी कपाटं, ट्रंका, पुस्तकांची शेल्फ असं सगळं बसतं, ती जागा वाया जात नाही.

उतार २५ अंशाच्या खाली नेऊच नका, मंगलोरी कौलं असताना वाऱ्याचा पाऊस उलटा आत चढतो आणि इथे किनारपट्टीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीकडे तर त्याच्या दुप्पट. आणि फार उभा पण नको, वारा जास्त धरतो आणि लाकूड, कौलं सगळंच वाढतं. ह्या घराला मला ३५ अंश योग्य वाटतो.

छप्पर दुपाखी की चौपाखी? चौपाखी वाऱ्याला चांगलं, यात वादच नाही, पण दोन्ही टोकांना माळा कापला जातो आणि खिडक्यांना जागा राहत नाही. माळा राहता हवा असेल तर दुपाखी घ्या, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर मोठ्या खिडक्या ठेवा, हवा आरपार जायला हवी. पावसाचा मारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे आढं शक्यतो दक्षिणोत्तर ठेवा म्हणजे पश्चिमेला पाखं आणि लांब पावळी (भिंतीबाहेर आलेली छपराची खालची कड) येईल, त्रिकोणी भिंत थेट झोडपली जाणार नाही. दक्षिणेच्या त्रिकोणी भिंतीवर पण छप्पर दोन फूट पुढे काढाच.

वासे भिंत बाहेर ढकलतात, हे नीट समजून घ्या

हा भाग घाईत वाचू नका. दोन वासे वर एकमेकांवर टेकवले की वजनाने त्यांचे पाय बाहेर सरकायला बघतात. नेहमीच्या छपरात हे पाय खालच्या आडव्या लाकडाने बांधलेले असतात, कैचीत असतात तसे. पण आपण काय केलं, वाशांचे पाय माळ्याच्या तुळईच्या (माळा पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडाच्या) ३ फूट वर नेले, आणि आता तिथे आडवं बांधायला काही नाही, बांधलं तर माळ्यावर चालताना मधे येईल. काही वर्षांत खांबांची डोकी बाहेर कलतात, आढं खाली बसतं, कौलांच्या ओळी वाकड्या होतात आणि गळायला लागतं. लोक मग कौलं बदलत बसतात.

उपाय जुन्या घरांत आहेच. आढं नुसतं वाशांच्या चिमटीत ठेवायचं नाही, ते मधल्या खांबांवर ठेवायचं आणि ते खांब थेट जोत्यापर्यंत न्यायचे. मग वासे आढ्यावर लटकतात आणि खाली टेकतात, भिंत ढकलत नाहीत. माळ्यावर दर १० फुटांवर मधोमध एक खांब येतो हे खरं, पण तिथेच पार्टिशन घेता येतं.

दुसरी गोष्ट, बाहेरचा खांब जोत्यापासून वाशापर्यंत एकसंध हवा, साधारण १२ फूट ८ इंच. बरेच सुतार लाकूड वाचवायला खांब माळ्याला संपवतात आणि तुळईवर ३ फुटांचा तुकडा उभा करतात, आणि मग तो तुकडा बिजागरीसारखा हलतो. ह्यात तडजोड नको. मधल्या खांबाला वीस फुटी लाकूड महाग पडतं किंवा मिळतच नाही, तिथे माळ्याच्या पातळीला तुळईवर कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ) काढून जोड दिला तर चालतो कारण तिथे वजन सरळ खाली येतं.

लाकूड कुठलं, किती, कुठून

साग सगळ्यांना माहीत आहे, पण सगळं सागाचं करायची गरज नाही. ऐन जड आणि ताकदीचा, खांब-तुळयांना उत्तम, फक्त नीट वाळवला नाही तर फाटतो. किंजळ कड्या (माळ्याच्या फळ्यांखालची आडवी लाकडं) आणि वाशांना चांगला. फणस फळ्यांना, दारांना सुंदर दिसतो आणि वर्षं जातील तसा रंग गडद होत जातो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून सांगाड्यात घालू नका, भुंगा लागतो, सेंट्रिंगच्या फळ्यांपुरतं ठीक.

माझी पहिली पसंती जुन्या लाकडाला. पाडलेल्या घरांचं सागवान, ऐन अजूनही मिळतं, ते पूर्ण वाळलेलं असतं आणि त्याला जे पिळायचं, फाटायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. घेताना प्रत्येक नग उलटापालटा करून बघा, हातोडीने वाजवा, खणखणीत आवाज हवा, दबका आला तर आत पोकळ आहे. जुन्या कुसूच्या खाचा जिथे असतील तिथे लाकडाची ताकद कमी धरा आणि तो भाग खणाच्या मधोमध येऊ देऊ नका. गिरणीत देण्याआधी खिळे काढा, नाहीतर पात्याचे पैसे गिरणीवाला तुमच्याकडूनच घेणार.

नवीन घेताना पांढरा भाग काढून फक्त गाभा घ्या, पांढऱ्या भागात वाळवी आणि भुंगा आधी शिरतो. स्वतःच्या बागेतलं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडू नका. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे, साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, खैर ही झाडं त्याच्या यादीत येतात, आणि लाकूड गाडीत घालायच्या आधी वनखात्याचा वाहतूक पास लागतो का ते विचारून घ्या. विकत घेतलं तर पावती जपून ठेवा.

मोजणी घनफुटात होते. रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. तीन बाय सहा इंचाची १० फुटी कडी म्हणजे सव्वा घनफूट. ह्या आपल्या घराचा हिशोब मी खांब, तुळया, कड्या, एक इंची फळ्या, भाल (बाहेरच्या खांबांच्या डोक्यावरचं आडवं लाकूड), आढं, वासे, रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या) असा मांडला तर २८० घनफुटांच्या आसपास येतो, घट-तूट धरून ३२० धरा. वखारीत जायच्या आधी ही यादी नगवार लिहून न्या, सुताराच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका.

लाकूड दिवाळीच्या सुमारास आणून सावलीत थप्पी लावा, खाली चिरे, प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत, आणि दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावा म्हणजे टोकं फाटत नाहीत. कापलेल्या ओल्या लाकडाला इंचाला वर्षभर लागतं असा जुना अंदाज आहे. म्हणून जाड नग जुनेच बरे, नवीन लाकूड फळ्या-रिपांना वापरा. ओलावा मोजायचं मीटर ऑनलाइन मिळतं, १५ टक्क्यांच्या आसपास आलं की कामाला घ्या.

जोतं आणि वाळवी

जोतं कमीत कमी अडीच फूट. खांब कधीही मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडायचा नाही, ओल धरून तो तिथेच कुजतो. प्रत्येक खांबाखाली तळखडा हवा, काळ्या दगडाचा, फरशीच्या वर निदान चार-सहा इंच आलेला, त्यात मधोमध भोक पाडून एक जाड स्टेनलेसची सळी खाली पायात आणि वर खांबात. जुन्या तळखड्यांना नुसती खाच असायची, वजनावर खांब उभा राहायचा, पण वादळात छप्पर उचललं जातं तेव्हा खांबाला खाली धरून ठेवणारं काहीतरी हवं.

पाया भरताना वाळवीचं औषध मातीत मारून घ्या, परवाना असलेल्या माणसाकडूनच. लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोन-तीन हात द्या, ते आत मुरतं पण पावसात धुऊन जातं म्हणून फक्त आतल्या लाकडाला. काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे पूर्वीपासून लावतात, काम चांगलं करतं, पण अंगावर उडालं तर कातडी भाजते, हातमोजे घालूनच लावा.

सांगाडा उभा करणं

मापं देतो, साग-ऐनासारख्या लाकडासाठी. खांब ६ बाय ६ इंच. रुंदीत जाणाऱ्या तुळया ६ बाय १०, मधल्या खांबावर जोडलेल्या, म्हणजे एकेक गाळा १० फुटांचा. तुळयांवर लांबीत कड्या ३ बाय ६, दर दीड फुटावर. त्यावर एक इंची फळ्या, खाच-जीभ काढलेल्या, नाहीतर वरची धूळ खालच्या ताटात. बाहेरच्या खांबांच्या डोक्यावरून जाणारी भाल ४ बाय ६, आढं ५ बाय ८, वासे ३ बाय ५ दर दोन फुटांवर. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो वजन धरतात, माळ्याला पण तेवढंच धरलंय, पोटमाळा म्हणून कमी धरायचं नाही. तुमची मापं वेगळी असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, लाकडासाठी आयएस ८८३ हा कोड आहे, सगळ्यांना तो हाताशी नसतो म्हणून आधीच सांगा.

कडी नेहमी उभी लावायची. कडीची उभी बाजू दुप्पट केली की ताकद चौपट होते, रुंदी दुप्पट करून फक्त दुप्पट. आणि प्रत्येक कडी डोळ्याला लावून बघा, थोडा बाक असतोच, तो बाक वर येईल अशी ठेवा, माणसं वावरून ती सपाट होते.

जोड कुसू-खाचेचेच करा. सहा इंची खांबात खाच दोन इंचांपेक्षा रुंद नको, आणि तुळईचं सगळं वजन नुसत्या कुसूवर न देता खांबात अर्धा-पाऊण इंचाची बैठक काढा, खाली लाकडी टेकू द्या आणि आरपार बोल्ट. समुद्राजवळ साधं लोखंड काही वर्षांत गंजतं आणि लाकडाला काळं करतं, म्हणून स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेलेच बोल्ट वापरा. बाहेरच्या खांबांना दोन्ही दिशांनी तिरके आधार द्यायला विसरू नका, चिऱ्याची भिंत भरली की सांगाडा हलणार नाही हा भरवसा चुकीचा आहे.

जिना

जिना आधी आखायचा म्हणतो त्याचं कारण आकड्यांतच आहे. खालच्या फरशीपासून माळ्याच्या फळीपर्यंत ११६ इंच ठेवा. सव्वासात इंचांच्या १६ उंच्या बरोबर बसतात, पायरी १० इंच रुंद घेतली तर जिना साडेबारा फूट लांब होतो. चढताना डोक्यावर साडेसहा फूट मोकळं राहायला कड्यांमध्ये जवळपास १० फुटांचं भोक लागतं, म्हणजे बरोबर एक खण, आणि तुळई कापावी लागत नाही. भोकाच्या कडेच्या कड्या दुहेरी करा. जिना मधल्या खांबांच्या ओळीला चिकटून घ्या म्हणजे वर पोचाल तिथे आढ्याखालची पूर्ण उंची मिळते. बाहेरच्या भिंतीलगत घेतला तर शेवटच्या पायरीला डोकं वाशाला लागणार. रुंदी ३ फूट ठेवा, पलंग आणि गाद्या वर न्यायच्या आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन्ही बाजूंना कठडा.

छप्पर

मंगलोरी कौलं बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यापासून सगळ्या किनाऱ्यावर पसरली, आणि आजही मला त्यांना तोड दिसत नाही. पण नुसत्या कौलांखाली राहता माळा होत नाही. वाऱ्याने तुषार आत येतात, धूळ येते, आणि वानरं एका उडीत चार कौलं फोडतात, वानरांच्या त्रासानेच कितीतरी घरांवर आता पत्रे आलेत. म्हणून थर असे करा: वाशांवर पाऊण इंची फळ्या, त्यावर वॉटरप्रूफ पण वाफ जाऊ देणारा कागद, त्यावर वाशांच्या रेषेत इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, आणि मग कौलं. कौल फुटलं तरी पाणी कागदावरून पावळीला जातं, माळ्यावर बादली ठेवावी लागत नाही. आणि उभ्या पट्ट्यांमुळे कौलाखाली हवेला वाट मिळते, पावळीकडून शिरते आणि आढ्याला बाहेर पडते, दुपारची झळ त्यानेच सगळ्यात जास्त कमी होते. आढ्यावरची कौलं सिमेंटने पूर्ण बंद केली तर हा सगळा खर्च फुकट, मधे जाळी लावलेल्या फटी ठेवायलाच हव्यात.

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. कौलांची गाडी उतरली की सपाट जमिनीवर ११ कौलं एकात एक अडकवून ओळीत लावा. आधी पूर्ण दाबून पहिल्या कौलाच्या कडेपासून अकराव्याच्या त्याच कडेपर्यंत मोजा, मग तेवढीच ताणून मोजा. दोन्ही मापांची सरासरी काढून १० ने भागा, ते तुमचं अंतर, साधारण साडेबारा इंचांच्या आसपास येतं पण प्रत्येक भट्टीचं थोडं वेगळं. ह्या अंतराची एक लाकडी गज करून सुताराला द्या. पावळीपासून आढ्यापर्यंत १५ ओळींत दर ओळीला पाव इंचाचा फरक साचला तरी वर पावणेचार इंच चुकतात आणि शेवटची ओळ कापावी लागते.

आपल्या छपराचं क्षेत्र अडीच फुटी पावळी धरून १०४० चौरस फुटांच्या जवळ येतं, शंभर चौरस फुटाला १५० कौलं, म्हणजे साडेपंधराशे, फुटतूट धरून १७०० घ्या. ह्यातली दहाएक काचेची असू द्या, तिथे खाली फळ्यांत चौकोन सोडून पक्की काच बसवा. पश्चिमेच्या पाख्यात नको, तिथून ऊन येतं.

वादळाचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि रायगड, दापोली, मंडणगड भागात छपरांची काय दशा झाली ते आपण बघितलंय, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. वारा छपराला आधी वर उचलतो. वासा भालीवर खाच काढून बसवला (खाच वाशाच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको) की नुसता खिळा मारून थांबू नका, प्रत्येक वाशाला जस्ताची पट्टी भालीभोवती, भालीला बोल्टने खांबाला, खांबाला सळीने तळखड्याला. ही साखळी कुठेही तुटता कामा नये. पावळीच्या दोन ओळी, टोकाच्या ओळी आणि आढ्याची कौलं तांब्याच्या तारेने किंवा स्टेनलेस स्क्रूने बांधा, उडायला सुरुवात तिथूनच होते.

बाकीचं

वायरिंग सगळं पाइपातून, लाकडात उघडी वायर कुठेही नको, माळ्याला वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि घराला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). चूल किंवा धुराडं असेल तर धुराड्यापासून लाकूड निदान सहा इंच लांब. माळ्यावर बाथरूम घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, लाकडी जमिनीत गळती कळेपर्यंत कड्या कुजलेल्या असतात, बाथरूम खाली जिन्याजवळ घ्या. रंग न लावता आतल्या लाकडाला जवसाचं तेल पुरतं, बाहेरच्याला दर दोन-तीन वर्षांनी हात द्यावा लागतो.

वेळेचं म्हणाल तर जोतं नोव्हेंबरात, सांगाडा जानेवारी-फेब्रुवारीत, कौलं एप्रिलअखेर चढलेली हवीत, मृग लागायच्या तोंडावर कौलारू काम करणारे गडी मिळत नाहीत. पहिला मोठा पाऊस झाला की बॅटरी घेऊन माळ्यावर जा, पावळीच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या वरच्या बाजूला ओल दिसते का बघा, जिथे दिसेल तिथे खडूने खूण करून ठेवा आणि उघडीप मिळाली की तेवढंच कौल सरकवून दुरुस्त करा. उरलेली कौलं विकू नका, त्याच भट्टीची तीच मापं पुढे मिळत नाहीत, शंभरेक तरी घरामागे उभी करून ठेवा.